घाणेवाले काका

दिंडोशीच्या वसाहतीत सात नंबरच्या बिल्डिंगीत धाकू तेली राहायचे, पण त्या नावानं त्यांना कुणी हाक मारत नसे. पोस्टमनपासून शेंबड्या पोरांपर्यंत सगळे त्यांना घाणेवाले काका म्हणत. जिन्याखालच्या बाकावर बसून काकांनी घाण्याची गोष्ट सांगितली नाही असा एक दिवस गेला नव्हता. "मी आठ वर्षांचा होतो," अशी सुरुवात व्हायची. मग कुडाळकडचं गाव यायचं, घरामागची पडवी यायची, पडवीतला लाकडी घाणा यायचा, हरण्या नावाचा बैल यायचा, आणि त्या घाण्याच्या आडव्या लाकडावर बसून गरगर फिरणारे आठ वर्षांचे धाकू यायचे. ऐकणाऱ्याला चक्कर येईपर्यंत हा घाणा फिरायचा.

आता खरं काय ते सांगून टाकतो, उगाच लपवाछपवी नको. धाकूंनी जन्मात कधी घाण्याला बोट लावलेलं नव्हतं. त्यांचा जन्म लालबागच्या चाळीतला. बाप गिरणीत, मग हेही गिरणीत, साच्यांवर, म्हणजे कापड विणायच्या मागांवर. गावच्या घरी एक घाणा होता खरा, पण तो आजोबांच्या काळातच फोडून चुलीत गेला होता. बसले होते ते गरगर फिरणाऱ्या लाकडावर नव्हे, तर लालबागच्या ट्रामच्या बाकड्यावर.

त्या सगळ्या गोष्टी मथुराबाईंच्या होत्या. त्यांच्या बायकोच्या. मथुराबाईंच्या माहेरी घाणा होता, आणि आठव्या वर्षापासून लग्न होईपर्यंत त्यांनी तो हाकला होता. मुलं लहान असताना त्या झोपवताना हेच सांगायच्या आणि भिंतीकडे तोंड करून पडलेले धाकू ऐकायचे. पुढं गिरणीच्या कँटीनमध्ये ते म्हणू लागले, "आमच्या हिच्या माहेरी..." दोन-चार वर्षांनी त्याचं "आमच्या सासुरवाडीला" झालं. मग "आमच्याकडे" झालं. आणि एक दिवस, चहाचा घोट घेता घेता, तोंडातून "मी" निघून गेला. चोरी इतकी सावकाश झाली की खुद्द चोरालाही पत्ता लागला नाही.

मथुराबाई आतून सगळं ऐकायच्या. कधी हूं की चूं केलं नाही. एकदाच धाकूंनी बैलाचं नाव पवळ्या सांगितलं, तेव्हा स्वयंपाकघरातून आवाज आला होता, "हरण्या!" धाकू ऐकणाऱ्यांना म्हणाले, "बघा, माझ्या तोंडून ऐकून ऐकून हिलासुद्धा पाठ झालंय."

तुम्ही म्हणाल, लबाड माणूस. असेल. पण संप झाला, गिरणी बंद पडली आणि तीस वर्षं साचे चालवलेला माणूस एका सकाळी डबा न घेता घरी बसला, तेव्हा त्याच्याजवळ सांगण्यासारखं दुसरं काय होतं? पोरगा कमवत होता, सून पानात वाढत होती, पण बिल्डिंगीत चार लोकांनी बाकावर सरकून जागा द्यावी, एवढी किंमत त्यांना त्या घाण्यानंच दिली होती. तो घाणा गेला तर धाकू तेली म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचा एक रिकामा म्हातारा. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि त्याची त्यांना मनापासून भीती वाटायची.

आणि सत्त्याऐंशीच्या जानेवारीत सोसायटीचे सेक्रेटरी चंद्रप्रकाश पेपरचं एक कात्रण नाचवत बाकाजवळ आले.

चंद्रप्रकाश बँकेत कारकून होते आणि वर्षाची सहल हा त्यांच्या जिवाचा विषय होता. "काका, झकास बातमी!" ते म्हणाले. मढच्या बाजूला एका गावात कुणी शिवदास मास्तरांनी जुन्या तेलघाण्याचं संग्रहालय उघडलं होतं. गावातल्या तेल्याची बंद पडलेली शेड, त्यातला जुना घाणा, जुनी मापं, सगळं जसंच्या तसं. रविवारी बैल जुंपून घाणा चालवूनसुद्धा दाखवत. "यंदाची सहल तिकडेच. आणि घाणा कोण चालवणार? आमचे घाणेवाले काका!"

टाळ्या पडल्या. धाकू हसले. 

पहिल्या रविवारी धाकूंचा गुडघा दुखला. चंद्रप्रकाशनी सहल पुढं ढकलली. दुसऱ्या रविवारी त्यांना ताप आला; थर्मामीटरला तो सापडला नाही, पण आला. चंद्रप्रकाशनी सहल पुन्हा ढकलली. "तुमच्याशिवाय कसली सहल, काका?" तिसऱ्या रविवारी धाकूंना आणखी एखादा आजार सुचेना.

अशी ही तीस-पस्तीस माणसांची वरात वर्सोव्याला पोचली. मढला मालाडहून सरळ बस जाते हे सगळ्यांना माहीत होतं, पण चंद्रप्रकाशना फेरीबोटीची हौस. धक्क्यावर सुकत घातलेल्या बोंबलांच्या वासात बायका रांगेत उभ्या राहिल्या, आणि तेव्हा धाकूंच्या ध्यानात आलं की प्रत्येकीच्या हातात डबा आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या शेवंतीनं बातमी पसरवली होती की तिथं समोर काढलेलं शुद्ध तेल घरी न्यायला मिळतं. कुणी ॲल्युमिनियमचा कॅन आणला होता, कुणी डालड्याचा डबा. शेवंतीनं तर दोन आणले होते, आणि दोन्ही एकमेकांवर आपटत होते.

बोट सुटल्यावर धाकू हळूच बायकोजवळ सरकले. घरी ते दोघं मालवणीच बोलत.

"मथुरा, घाण्यार आधी काय करूचा असता गो?"

मथुराबाई समोरच्या किनाऱ्याकडे बघत होत्या. "माका काय इचारतास? तुमीच आठ वर्साचे होतास ना?"

"मस्करी नको. सगळ्यांसमोर वाट लागतली माझी."

"लागूंदे," मथुराबाई म्हणाल्या आणि पिशवीतून चणे काढून खाऊ लागल्या.

शिवदास मास्तर शेडच्या दारातच उभे होते. रिटायर झालेले प्राथमिक शिक्षक. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, आणि माणूस दिसला की त्याला रांगेत उभं करायची सवय अजून गेलेली नव्हती. त्यांनी सगळ्यांना चपला काढायला लावल्या आणि एकेक वस्तू दाखवायला सुरुवात केली. पण लोक मास्तरांचं ऐकतायत कुठं? प्रत्येक वस्तूपाशी मान धाकूंकडे वळे. "काका, हे काय असायचं हो?"

पहिल्यांदा पत्र्याच्या लांब दांड्याच्या पळ्या होत्या. त्या धाकूंनी निभावून नेल्या. मग चामड्याचा एक फुगीर बुधला आला. धाकूंनी तो डोळे बारीक करून पाहिला आणि म्हणाले, "हे बैलाला पाणी पाजायचं. आमच्याकडे अस्साच होता." मास्तर खाकरले. बुधल्याखालीच पाटी होती: तेल साठवण्याचा चामडी बुधला. चंद्रप्रकाशनी ती मोठ्यानं वाचली. धाकू म्हणाले, "मुलखामुलखाप्रमाणे पद्धत बदलते." चंद्रप्रकाशनी मान डोलावली. भक्ती असली म्हणजे माणूस पाटीवर विश्वास ठेवत नाही. मथुराबाई मागं उभ्या राहून बुधल्याच्या तोंडावरची जुनी शिवण बोटानं चाचपत होत्या. मास्तर ओरडले, "हात लावू नये!" त्यांनी हात मागं घेतला.

आणि मग शेडच्या मधोमध तो होता. घाणा. माणसाच्या कमरेइतकं उंच लाकडी उखळ, त्यात तिरकी उभी केलेली मुसळासारखी जाडजूड लाट, लाटेला बांधलेलं लांब आडवं लाकूड, आणि लाकडावर वजनासाठी ठेवलेले दगड. उखळात खोबऱ्याचे तुकडे भरून ठेवले होते. बैल लाकूड ओढत फिरणार, लाट उखळात खोबरं रगडणार, तेल सुटणार. इतकं साधं. धाकूंना ते बघून घाम फुटला.

बैलाची गोष्ट अशी, की गावात बैलच उरला नव्हता. मास्तरांनी तो लवूकडून मागून आणला होता. लवू घासलेटवाला. आठवडाभर त्याचा बैल गुलाब घासलेटच्या टाकीची गाडी ओढत गावागावातून फिरे आणि रविवारी संग्रहालयात नोकरी करी. शेडमध्ये खोबऱ्याचा वास कमी आणि गुलाबचा जास्त येत होता.

"या काका," मास्तर म्हणाले. त्यांनी गुलाबच्या डोळ्यांना झापडं बांधली. "आज आपल्या भाग्यानं पारंपरिक घाणेवाले आपल्यात आहेत."

धाकूंच्या हातात चाबूक आला. त्यांनी आयुष्यात बघितलेल्या सगळ्या बैलगाड्या आठवल्या आणि म्हणाले, "हुर्र."

गुलाब निघाला. बायकांनी टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्या वाजवताना शेवंतीचे दोन डबे एकमेकांवर आपटले. गुलाब थांबला.

"हुर्र!" धाकू म्हणाले. गुलाब दोन पावलं गेला. डालड्याचा डबा कुठंतरी टेकला, टण्ण झालं. गुलाब थांबला. अर्धा फेरा झाला, कॅन वाजला. गुलाब थांबला, आणि शांतपणे रवंथ करू लागला.

"असं काय करतोय?" चंद्रप्रकाश म्हणाले.

लवू दारात विडी ओढत बसला होता. "त्याला वाटतंय गिऱ्हाईक आलं," तो म्हणाला. "डबा वाजला की थांबायचं, हे त्याला शिकवायला मला तीन वर्षं लागली यार. आता तुम्ही पस्तीस डबे घेऊन आलात, तर तो काय करणार? त्याच्या मते आज रांग लागलेय."

सगळे खो खो हसले. धाकूंच्या जिवात जीव आला. परतीची बोट पाचला होती. गुलाब असाच उभा राहिला तर पाच वाजतील, आणि दोष बैलाचा. त्यांनी बैलाच्या मानेवर प्रेमानं हात फिरवला. "जनावराला मारायचं नाही," ते सगळ्यांना म्हणाले. "आमच्या घरात जनावराला कधी चाबूक लावला नाही." असं म्हणून त्यांनी चाबूक खुंटीला अडकवूनच टाकला.

पण भरलेला घाणा उभा राहिलेला मथुराबाईंना बघवेना. तोवर त्या गर्दीच्या मागं गप्प होत्या; आता पुढं आल्या. "डबे सगळे भायर नेऊन ठेवा गं," त्या बायकांना म्हणाल्या. "वट्यावर. शेवंती, तुजे दोन्ही."

"काकू, माझे कुणी पळवले तर?"

"ठेव सांगतंय ना!"

डबे बाहेर गेले. सख्ख्या भावानं घात केल्यावर माणूस बघतो, तसं धाकूंनी बायकोकडे बघितलं. गुलाब मात्र निमूट चालू लागला. लाट उखळात कुरकुरू लागली, खोबरं फुटू लागलं, आणि आता पळवाट राहिली नाही.

अर्धा तास गेला. खोबऱ्याचा भुगा झाला, पण तेलाचा पत्ता नाही. लोकांची चुळबूळ सुरू झाली. "काका, तेल कधी सुटणार?"

धाकूंना गोष्टीतलं एक वाक्य आठवत होतं: 'मग पाणी दिलं की तेल सुटतं.' हे वाक्य त्यांनी हजार वेळा म्हटलं होतं. किती पाणी, ते मथुरानं मुलांना कधी सांगितलं नव्हतं, कारण तोवर मुलं झोपलेली असायची. बाजूला तांब्या होता. धाकूंनी तो उचलला, सगळ्यांकडे एकदा बघितलं, आणि अख्खा तांब्या उखळात ओतला.

"अगो आवशी!" मथुराबाईंच्या तोंडून निघालं.

आणखी चार फेरे झाले, आणि उखळात पाहिलं तर लापशी. पांढरीफटक, लग्नाच्या पंगतीत वाढावी अशी. लाट तिच्यात पचक पचक करत फिरत होती. चंद्रप्रकाशनी वाकून बघितलं आणि पेपरचं कात्रण घडी करून खिशात टाकलं.  मागून कुणी तरी कुजबुजलं, आणि शेवंती तोंडावर पदर घेऊन हसली. मास्तरांचा चेहरा पोराला शून्य मार्क देताना होतो तसा झाला. धाकू उखळाच्या कडेला धरून उभे राहिले. त्यांना वाटलं, आता बाकावर कुणी सरकणार नाही.

मथुराबाईंनी पदर खोचला. त्यांनी गुलाबला नुसतं जिभेनं च्च्क करून थांबवलं. गुलाबनं डब्याशिवाय कुणासाठी थांबायची ती पहिलीच वेळ असावी. दोन्ही हातांनी त्यांनी निम्मी लापशी उपसून घमेल्यात काढली. मास्तर "हात लावू—" म्हणाले, आणि तिथंच थांबले. कोपऱ्यातल्या पोत्यातलं सुकं खोबरं त्यांनी ओंजळीनं वर टाकलं. आडव्या लाकडावरचे दोन दगड खाली उतरवले आणि त्या जागी स्वतः चढून बसल्या. साठीला आलेली बाई, नऊवारी, पाय एका बाजूला सोडलेले, जणू आपल्या घरच्या झोपाळ्यावर बसलीय.

"च्च, च्च. चल बाबा."

गुलाब चालू लागला. मथुराबाई प्रत्येक फेऱ्याला वाकून काठीनं कडेचा भुगा मधे लोटत होत्या. घटकाभरानं म्हणाल्या, "गरम पाणी हाडा." मास्तर धावत शेजारच्या घरातून गरम पाणी घेऊन आले. त्यातलं त्यांनी चूळभर घेतलं, अगदी चूळभर, आणि तीर्थासारखं शिंपडलं. दोन फेरे. पुन्हा चूळभर. उखळातला आवाज बदलला. कोरडी कुरकुर गेली आणि ओलसर, जड आवाज यायला लागला. पेंड कडेला चिकटू लागली, आणि मधल्या खळग्यात पिवळसर काहीतरी चमकलं.

"तेल!" चंद्रप्रकाश ओरडले.

मथुराबाईंनी स्वच्छ चिंधी मागून घेतली, ती खळग्यात बुडवली, वर काढून वाटीत पिळली. खोबऱ्याचा असा वास सुटला की घासलेटनंसुद्धा हार मानली. वाटी हातोहात फिरली. बायकांनी बोटं बुडवून मनगटाला लावलं. शेवंती डबे आणायला बाहेर धावली. ते आत आले, वाजले, आणि गुलाब थांबला. पण आता कुणाला त्याची फिकीर नव्हती.

"पण काकू," शेवंती म्हणाली, "तुम्हाला हे सगळं कसं येतं?"

 धाकूंनी खाली मान घातली. आलं ते आलं, त्यांनी मनाशी म्हटलं.

मथुराबाई लाकडावरून खाली उतरल्या आणि हात पुसता पुसता म्हणाल्या, "न यायला काय झालं? तीस वर्सं ह्यांच्या तोंडून ऐकतेय. या उखळाला सांगितलं असतं तर त्यालापण आलं असतं. आज त्यांचा हात दुखतोय म्हणून मी बसले, एवढंच."

"वा!" चंद्रप्रकाश म्हणाले. "याला म्हणतात गुरू!" आणि टाळ्या पडल्या, त्या धाकूंसाठी. कुणीतरी त्यांच्या पाठीवर थाप मारली. लापशीचा विषय संपला. धाकूंचा घाणा वाचला, पुढच्या दहा वर्षांची बाकावरची जागा पक्की झाली, आणि ती त्यांना बायकोनं दिली, उभ्या उभ्या, एका वाक्यात.

मास्तरांना भरून आलं होतं. त्यांनी टेबलावरून एक कोरं पुठ्ठ्याचं कार्ड घेतलं आणि खिशातलं पेन काढलं. "आमच्या इथं वस्तू आहेत, पण घाणा चालवलेल्या माणसाचं नाव कुठंच नाही," ते म्हणाले. "ते आजपासून इथं लागेल. कायमचं." आणि त्यांच्या वळणदार अक्षरात ते लिहू लागले: 'धाकू'.

धाकूंनी ते अक्षर बघितलं. मग वळून बायकोकडे बघितलं. मथुराबाई उखळातून पाटीत काढलेली पेंड चिमटीत घेऊन हुंगत होत्या. कोपरापर्यंत हात तेलानं माखलेले, कपाळावरचं कुंकू घामानं ओघळलेलं, आणि चेहरा असा, की तो धाकूंनी लग्नाच्या आधी एकदाच, मुलगी बघायला गेले तेव्हा पाहिला होता. ही खूश आहे, हे त्यांना एकदम कळलं. आणि हेही कळलं, की तीस वर्षांत ही गोष्ट त्यांनी एकदाही तिला तिच्या नावानं सांगू दिली नव्हती.

"मास्तर," ते म्हणाले, "नाव चुकलं."

"धाकूच ना?"

"मथुरा लिहा."

 मास्तरांनी 'धाकू' खोडलं आणि पुढं लिहिलं, 'मथुरा धाकू तेली'. लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचून दाखवलं.

मथुराबाई पेंडीची पाटी खाली ठेवून पुढं आल्या. "धाकू कशाला?" त्या म्हणाल्या. "घाणो माझ्या बापाशीचो होतो. धर्मा लिवा. मथुरा धर्मा तेली."

मास्तरांनी पेन अधांतरी धरलं आणि धाकूंकडे पाहिलं. चंद्रप्रकाशनी पाहिलं. शेवंतीनं पाहिलं. नवऱ्यानं होकार दिल्याशिवाय नवऱ्याचं नाव कसं खोडायचं, हा प्रश्न सगळ्या शेडच्या तोंडावर दिसत होता.

"ती सांगते तसं लिहा, मास्तर," धाकू म्हणाले. आवाज सगळ्यांना ऐकू जाईल एवढा मोठा होता. "मी जन्मात कधी घाणा हाकला नाही. मला त्यातलं काय कळतं?"